पहिला झब्बा आणि आईची इरकल

प्रश्न : बाई, नमस्कार. माझे वय ३४ असून मी चाकणच्या एका कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर काम करतो. आई दीड वर्षापूर्वी गेली. ती आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत असे. तिची नजर कमी झाल्यापासून तिचे काळे पायमशीन घरात चादरीखाली झाकलेले होते. ते मी यंदा बाहेर काढले, मोबाईलवर पाहून पाहून एक पिशवी आणि दोन अभ्रे शिवले, आणि मग थेट स्वतःसाठी सुती झब्बा बेतला. गळा एवढा मोठा झाला की आतला बनियन दिसतो, बटणपट्टी वाकडी गेली, टिपेच्या खालच्या बाजूला धाग्याचा गुंता होतो, आणि हात वर केला की सगळा झब्बा हाताबरोबर वर येतो. एक धुणे झाल्यावर तर तो घट्टही झाला. तरी हौसेने तो पुतण्याच्या बारशाला घातला. पाळण्याला माळ बांधायला हात वर केला आणि काखेत टर्रकन उसवला. एक काकू सर्वांसमोर म्हणाल्या, ‘‘अरे, शिंप्याला चार पैसे दिले असतेस तर ही पाळी आली नसती.’’ कामावर मी वीस मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाचा, फरक पकडतो आणि इथे इंचाइंचाने चुकतो. आईची एक नऊवारी इरकल आहे. तिचे माझ्या सहा वर्षांच्या मुलीसाठी दिवाळीला परकर-पोलके शिवावे असे मनात आहे. ते मी शिवावे की शिंप्याकडे द्यावे? मुळात हे काम मला जमणार आहे का?

उत्तर : नमस्कार. साडीला तूर्त कात्री लावू नका आणि ती शिंप्याकडेही देऊ नका. परकर-पोलके तुम्हीच शिवाल, परंतु त्याआधी बारशात उसवलेला तो झब्बा पुन्हा टेबलावर घ्यावा लागेल. त्याचे दोष तुम्ही इतके नेमके लिहिले आहेत की तो न पाहताच माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मी अठ्ठावीस वर्षे शिवणाचा क्लास चालवला. तिथे ज्या मुली पहिला कपडा पुढे करून ‘बाई, कसेतरीच झाले’ एवढेच म्हणत, त्यांच्याजवळ मला जास्त वेळ बसावे लागे. आणि जी मुलगी ‘डावा खांदा ओढतोय, उजवा नाही’ असे सांगे तिची मला काळजी नसे. तुम्ही या दुसऱ्या प्रकारातले आहात, तेव्हा ‘जमणार का’ हा प्रश्न मी बाजूला ठेवते आणि झब्ब्याकडे वळते.

आधी मायक्रॉनचे पाहू. लोखंडाचा तुकडा मोजून ठेवला आणि चहा पिऊन परत आलात तरी तो तेवढाच असतो. कापड तसे नसते. ते कात्रीखाली सरकते, हाताने धरले की ताणते, पाण्यात आटते, आणि तिरके धरले तर आपल्या मर्जीने लांबही होते. त्यामुळे शिवणात वीस मायक्रॉनची अपेक्षा कोणी करत नाही. तुमच्याकडे फॅब्रिकेशनवाले ज्याला सूत म्हणतात, इंचाचा आठवा भाग, त्याच्या अर्ध्यापर्यंत हात स्थिरावला की चांगले काम होते. मात्र तुमच्या कामातली एक गोष्ट इथे जशीच्या तशी लागू आहे. एका भागाची सूट दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर चढत जाते आणि प्रत्येक भाग तपासणीत पास होऊनही शेवटी जुळणी बसत नाही, हा अनुभव तुम्हाला नक्की असेल. तुमच्या झब्ब्यात तेच झाले आहे.

समजा, तुमची छाती ४० इंच आहे आणि तयार झब्बा ४४ इंचांचा असावा असे तुम्ही ठरवले. पुढचा आणि मागचा भाग घडीवर कापताना ४४ चा चौथा हिस्सा म्हणजे ११ इंच घेतला आणि शिवणीसाठी अर्धा इंच माया सोडली. शिवताना मात्र टीप अर्ध्या इंचावर न पडता पाऊण इंचावर पडली. चूक फक्त दोन सुतांची आहे. पण झब्ब्याला दोन बाजूंच्या दोन शिवणी असतात आणि प्रत्येक शिवणीत दोन कडा असतात, म्हणजे ही चूक चार वेळा झाली आणि घेर एका फटक्यात ४४ वरून ४३ वर आला. त्यात कापड न भिजवता कापले असेल आणि आडव्या धाग्याच्या दिशेने ते शेकडा दोन जरी आटले असेल, तर पहिल्या धुण्यानंतर आणखी जवळजवळ इंचभर गेले. उरले ४२. माणसाने छाती भरून श्वास घेतला की ती इंच-दोन इंच फुगते; म्हणजे तुम्ही माळ बांधायला हात उचललात तेव्हा झब्ब्याकडे देण्यासारखे काही शिल्लकच नव्हते. यातली एकही चूक एकटी असती तर काकूंना बोलायला जागा मिळाली नसती.

(शिवणीच्या पलीकडे सोडलेल्या कापडाला ‘माया’ हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला त्याच्या घरात वाढती मुले असावीत, असे मला नेहमी वाटत आले आहे. दुकानातल्या तयार कपड्यांत ती आता नखाएवढी असते, म्हणून ते कपडे सैल करता येत नाहीत.)

तेव्हा पुढच्या कपड्याच्या वेळी दोन गोष्टी कापण्यापूर्वी करा. सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, किंचित दमट असतानाच इस्त्री करून घ्या. उभ्या धाग्याच्या दिशेने कापड बहुधा जास्त आटते, म्हणून झब्ब्याची लांबी रुंदीपेक्षा अधिक जाते. आणि मशीनच्या पत्र्यावर सुईपासून अर्ध्या इंचावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावून कापडाची कड त्या पट्टीला धरून चालवा. तुमच्या पेशात याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या क्लासमध्ये आम्ही त्याला कुंपण म्हणत असू. नजर सुईवर ठेवली की टीप वाकडी जाते, कुंपणावर ठेवली की सरळ येते.

हात वर केल्यावर झब्बा वर येणे ही तक्रार मात्र निराळी आहे आणि तिच्यावर थोडे सविस्तर लिहिते, कारण यावर नवशिका जो उपाय करतो तो नेमका उलटा पडतो. काखेत काचते म्हणून तो मुंढा, म्हणजे जिथे बाही जोडतात ती अंगाची गोलाई, आणखी खोल कापतो. मुंढा जितका खाली जातो तितका बाही आणि बाजूची शिवण यांचा सांधा काखेपासून दूर, कमरेच्या दिशेने सरकतो, आणि मग हात उचलला की त्याला तो सगळा सांधा आपल्याबरोबर ओढून न्यावा लागतो. पीएमपीच्या बसमध्ये दांडीला धरून उभ्या असलेल्या लोकांकडे एकदा पाहा. ज्याच्या शर्टाचा मुंढा काखेच्या जवळ आहे त्याचा शर्ट जागेवर राहतो, आणि ज्याचा शर्ट ढगळ आहे त्याचेच पोट उघडे पडते. हालचाल सैलपणाने मिळते असे आपल्याला वाटते. काखेच्या बाबतीत ती जवळ बसणाऱ्या मुंढ्याने मिळते.

जुन्या पद्धतीच्या सरळ मुंढ्याच्या झब्ब्यात यावर एक सुरेख तोड होती, आणि तुमचा झब्बा तिने वाचेल. काखेपासून बाजूची शिवण तीन इंच खाली आणि बाहीची शिवण तीन इंच हाताकडे अशी दोन्ही बाजूंनी उसवा. म्हणजे काखेत चार कडा मोकळ्या होतील, प्रत्येक तीन इंचांची. त्याच कापडाचा चार इंचांचा चौकोन कापा, चारही बाजूंनी अर्धा इंच माया धरून त्या चार कडांना जोडा. एक कोपरा बाजूच्या शिवणीत, त्याच्या समोरचा बाहीच्या शिवणीत आणि उरलेले दोन मुंढ्याच्या शिवणीवर पुढे-मागे बसतील. चौकोन असा कर्णावर बसला की हाताची ओढ कापडाच्या उरेबावर, म्हणजे धाग्यांच्या तिरक्या दिशेवर, येते, आणि उरेब थोडा ताणतो. कोपऱ्यांवर टीप घालताना सुई कापडात रुतलेली ठेवून, दाबाचा पाय उचलून, कापड फिरवा. पहिला चौकोन लावायला तुम्हाला एक संध्याकाळ लागेल आणि तो बहुधा एकदा उसवावाही लागेल. दुसरा अर्ध्या तासात होईल. बारशाला फाटलेली जागा नेमकी हीच असल्यामुळे ती या चौकोनाखाली झाकूनही जाईल.

उसवण्याबद्दल एक सांगते, कारण मोबाईलवर ते कोणी नीट दाखवत नाही. टीप एका टोकापासून ओढून काढू नका. त्याने कापडाचा धागा निघतो. एका बाजूचे प्रत्येक चौथे-पाचवे टाके ब्लेडच्या टोकाने कापा आणि मग दुसऱ्या बाजूचा धागा सरळ ओढा, तो अख्खा हातात येईल. राहिलेले तुकडे चिकटपट्टीने टिपून घ्या आणि इस्त्री फिरवा, म्हणजे सुईची भोके मिटतात. क्लासमध्ये जिला उसवायचा कंटाळा नसे ती मुलगी पुढे चांगली शिवत असे, यात मला एकही अपवाद आठवत नाही.

गळ्याचे कारण फार साधे असावे. कापड घडीवर असताना गळ्याच्या रुंदीचे निम्मेच माप घ्यायचे असते. पूर्ण माप घेतले तर उघडल्यावर ते दुप्पट होते. ही चूक तुम्ही केली नसेल तर दुसरी केली असेल: गळा हव्या त्या मापाचा कापला आणि पट्टी लावताना पाव इंच आत गेल्यामुळे तो चहूबाजूंनी तेवढा मोठा झाला. शिवाय गोल कापलेल्या गळ्याची कड बऱ्याच ठिकाणी उरेबात येते आणि नुसती हाताळूनही पसरते, म्हणून कापल्याबरोबर तिच्यावर कडेपासून दोन सुतांवर एक साधी टीप घालून ठेवावी. मोठा झालेला गळा कापून लहान होत नाही, पण भरता येतो. गळ्याच्या आकाराचीच दीड इंच रुंद पट्टी दुसऱ्या कापडाची, खणाची असेल तर फारच छान, कापून आतल्या बाजूने वर आणा. पांढऱ्या किंवा मातकट झब्ब्यावर ती मुद्दाम लावल्यासारखी दिसेल. तुम्ही ती कोणत्या कारणाने लावली हे सांगण्याची सक्ती नाही.

बटणपट्टी वाकडी गेली ती तुमच्या हातामुळे. सुईखालचे दाते कापड स्वतः पुढे नेतात. ते खालच्या थराला धरतात आणि वरचा थर दाबाच्या पायाखाली किंचित मागे राहतो, त्यामुळे बारा इंचांच्या पट्टीत शेवटी सुतभर फरक पडतोच. त्यात आपण मागून कापड ओढले की पट्टी सापासारखी चालते. पट्टीला आधी इस्त्रीने घडी घाला, हाताने कच्चा धावदोरा घाला आणि मगच मशीनवर घ्या. आमच्याकडे धावदोरा टाळणाऱ्या मुलींना वाटे की आपण वेळ वाचवला.

खालच्या बाजूच्या गुंत्यावर मात्र लगेच उपाय करा. खाली गुंता दिसला की प्रत्येकजण बॉबिन, म्हणजे खालच्या धाग्याची फिरकी, काढून, बॉबिन केस पुसून, तिच्या स्क्रूशी खेळत बसतो, आणि दोष बहुतेक वेळा वरच्या धाग्यात असतो. वरचा धागा ताणाच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, म्हणून तो सैल खाली जातो आणि तिथे फासे पडतात. दाबाचा पाय वर उचललेला असताना त्या चकत्या उघड्या असतात, तेव्हाच धागा ओवा. पाय खाली असताना ओवलेला धागा चकत्यांच्या वरवरच राहतो. टीप सुरू करताना दोन्ही धाग्यांची टोके मागे धरून ठेवा. सुई किती वर्षांची आहे तेही पाहा. आईच्या वेळचीच असेल तर ती बदला. साध्या सुती कापडाला चौदा नंबर, पातळ मलमलीला अकरा. बसवताना सुईची लांब खाच ज्या बाजूला येते त्या बाजूने धागा ओवायचा असतो. सुई उलटी बसली तर टाके सुटत जातात आणि आपण मशीनला दोष देतो. पायमशीनचे चाक थांबून उलटे फिरले तरी गुंता होतो, म्हणून दोन दिवस सुईत धागा न घालता वहीच्या रेघांच्या कागदावर नुसते पाय मारा. भोके रेघेवर पडू लागली की पाय आणि हात यांचे जमले असे समजा. हा अभ्यास लहान मुलांचा वाटेल, पण तुम्ही तो गाळलेला आहे हे तुमच्या बटणपट्टीवरून दिसते.

काकूंचे म्हणणे पैशाच्या बाजूने खरे आहे. कापड, धागा, सुया आणि तुमच्या सुट्ट्या धरल्या तर शिंप्याकडचा झब्बा स्वस्तच पडला असता. त्यांना तुम्ही काही उत्तर देण्याची गरज नाही. त्यांच्या बोलण्यात ‘पुरुषाने हे काय आरंभले’ असा सूर असेल तर तो सोडून द्या. ज्या नामदेवांचे अभंग आपण गातो त्यांचे घराणे शिंप्याचे होते, आणि गावोगावी पुरुषांनीच पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले आहे. मी स्वतः मापे घ्यायला शिकले ते आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून. तुम्हालाही तसे कोणी जवळपास असेल तर चार रविवार जाऊन बसा, कात्री कशी चालते तेवढे जरी पाहिले तरी पुष्कळ. रीतसर शिकायचे तर आयटीआयमध्ये शिवणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, पण कारखान्यातली पाळी सांभाळून तो तुम्हाला झेपेल असे वाटत नाही.

झब्बा दुरुस्त झाला की घालायला ठेवा, घरात घाला, पण त्याच्या आतल्या बाजूला कापडाचा एक छोटा तुकडा टाचून त्यावर लिहून ठेवा: कापड कोणते, भिजवले होते की नव्हते, माया किती सोडली, शिवून किती राहिली, आणि धुतल्यावर घेर किती भरला. कामावर तुम्ही तपासणीचा कागद भरता, तसाच. तीन कपड्यांनंतर तुमचा हात नेहमी कोणत्या बाजूला चुकतो ते कळेल. माझा हात आजही शिवताना मायेत थोडा जास्तच आत जातो, म्हणून मी कापतानाच एक सूत वाढवून घेते. इतक्या वर्षांत ती खोड गेली नाही. तिच्यासाठी जागा ठेवायला मात्र मी शिकले.

आता इरकल. त्यापूर्वी दोन कपडे करायचे आहेत. जुन्या चादरीचा एक परकर, आणि मांजरपाटाचे, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचे, एक पोलके, दोन्ही मुलीच्याच मापाचे. परकर हा शिकणाऱ्याला सांभाळून घेणारा कपडा आहे, कारण तो सरळ चौकोन असतो, कमरेत चुण्या येतात आणि इंचभराची चूक चुण्यांत जिरते. पोलके तितके दयाळू नसते. त्याला मुंढा आहे, बाही आहे, आणि बाहीला पुढची आणि मागची अशा दोन वेगळ्या बाजू असतात. पुढच्या बाजूला ती थोडी जास्त कोरलेली असते. मी माझ्या आईसाठी शिवलेल्या पहिल्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघाल्या होत्या, कारण मी कापडाचे दोन थर सुलट बाजू समोरासमोर न ठेवता एकावर एक तसेच ठेवून कापले होते. चूक लावून झाल्यावर कळली आणि कापड संपले होते. आईने तो ब्लाउज थंडीत शालीखाली घातला आणि डावा हात फारसा वर केला नाही. तुमच्याकडे मांजरपाट आहे, तेव्हा ही चूक त्याच्यावर करून घ्या. ते स्वस्त असते आणि त्याच्यावर पेन्सिलीने लिहिताही येते. पोलके मुलीच्या अंगावर घालून पाहा, तिला हात वर करायला, वाकायला, पाटावर बसायला सांगा, आणि जिथे ओढते तिथे खूण करा. मग ते उसवून त्याचाच कागदासारखा बेत म्हणून उपयोग करा. ही खूण जूनमध्ये केली असेल तर दिवाळीपूर्वी माप पुन्हा घ्या. सहा वर्षांचे मूल चार महिन्यांत आपला हिशेब मोडते.

साडी कापण्यापूर्वी ती उजेडासमोर धरून सगळी पाहा. जुने कापड घडीवर विरते आणि ती जागा चाळणीसारखी दिसते. निऱ्यांचा भाग आणि जिथे बसणे होते तो भाग अधिक झिजलेला असेल. विरलेला भाग परकराच्या चुण्यांत चालेल, मुंढ्यात चालणार नाही. पोलक्याला आतून मऊ सुती अस्तर लावाच, म्हणजे ओढ अस्तरावर येईल. पदराला हात लावू नका. इरकलीचा पदर निराळ्या ताण्याचा, म्हणजे निराळ्या उभ्या धाग्यांचा, असतो आणि अंगाच्या ताण्यात त्याचे धागे फाशांनी गुंतवून तो जोडलेला असतो. तो सांधा मोडण्यासारखा नाही, आणि मोडण्याची गरजही नाही.

गरज किती थोडी आहे ते पाहा. काठ परकराच्या खाली यायचा असेल तर परकराची लांबी साडीच्या पन्ह्यात, म्हणजे काठापासून काठापर्यंतच्या रुंदीत, मोजायची आणि परकराचा घेर साडीच्या लांबीत. पन्हा मोजा, तो ४५ इंच निघाला असे धरू. मुलीचा परकर २४ इंच, आतून वाढीसाठी दुमडून ठेवायला तीन इंच, कमरेच्या नेफ्यासाठी, म्हणजे नाडी ओवायच्या दुमडीसाठी, दीड इंच, असे साडेअठ्ठावीस इंच झाले. काठाची कड विणलेलीच असल्यामुळे खाली दुमडायला काही लागत नाही. वर साडेसोळा इंच उरले आणि त्यात दुसरा काठ आहे. सहा वर्षांच्या मुलीचे पोलके त्यात बसते आणि काठ बाहीवर घेता येतो. घेरासाठी कमर २२ इंच असेल तर अडीचपट, म्हणजे ५५ इंच. याचा अर्थ नऊवारीतून तुम्हाला फक्त दीड मीटरच्या आत-बाहेर कापड कापायचे आहे, तेही पदराच्या विरुद्ध टोकाचे. बाकी साडी पदरासह जशी आहे तशी घडी करून ठेवता येईल. आईची साडी कापणे म्हणजे ती संपवणे, अशी तुमची समजूत पत्रात जाणवली. तसे होत नाही.

वाढीसाठी जी दुमड ठेवाल ती लांब टाक्यांनी, हाताने घाला, मशीनवर नको. दोन वर्षांनी ती उसवताना काठाच्या वर रेघ दिसेल, त्याला इलाज नाही, आणि ती कोणाला खटकतही नाही.

याआधी एक काम करा. आईच्या हातचा तिचा स्वतःचा एखादा ब्लाउज घरात असेलच. तो उसवू नका, फक्त उलटा करून खिडकीशी धरा. बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच माया दिसेल आणि तिच्यात एकाशेजारी एक दोन किंवा तीन टिपांच्या रेघा असतील; शरीर बदलत जाईल तसतशी एकेक टीप उसवून ब्लाउज सैल करता यावा म्हणून त्या घातलेल्या असतात. काखेजवळ किंवा पाठीच्या पट्टीखाली कापड कमी पडले म्हणून लावलेला जोड सापडेल. जी आळीभर शिवत होती तिलाही कापड पुरले नाही असे प्रसंग आले असणार, आणि तिने जोड कुठे लपवला ते पाहण्यासारखे असते. तिची टीप कडेपासून किती अंतरावर आहे हे पट्टीने मोजा आणि तेच अंतर मशीनच्या पत्र्यावर तुमच्या कुंपणासाठी घ्या.

मशीनला तेल देताना शिलाई मशीनचेच द्या. घरातले खोबरेल देऊ नका. थंडीत बाटलीत जे होते तेच ते सांध्यांत होते आणि पाय जड पडू लागतो. इतकी वर्षे बंद असलेल्या मशीनला प्रत्येक भोकात एक-दोन थेंब पुरे, मग पाच मिनिटे रिकामे चालवा, चामड्याचा पट्टा घसरत असेल तर तो थोडा कापून पुन्हा अडकवून घ्या, आणि पुढच्या दोन-चार टिपा चिंधीवरच घाला. सुईच्या दांडीवरून उतरणारे ते काळे तेल आधी चिंधीवर येऊ द्या, कारण इरकलीवर पडले तर ते निघत नाही.